झाकली मूठ

नाझनीननं नांदेडात दवाखान्यावर 'व्यवसायोपचार तज्ज्ञ' अशी पाटी लावली, त्या आठवड्यात आत आलेला पहिला माणूस भोकरचा किराणा दुकानदार निघाला. खुर्चीत टेकून म्हणाला, "मॅडम, धंदा लई बसलाय. काही उपचार हाय का?" ऑक्युपेशनल थेरपीला हा मराठी शब्द ज्यानं कुणी काढला, त्याला नाझनीननं त्या दिवशी मनातल्या मनात चार अस्सल दख्खनी शिव्या हासडल्या. पाटी तिनं बदलली नाही. लोकांनीच तिचं नाव बदललं. 'हाताची मॅडम' म्हणू लागले, आणि तेच बरोबर होतं.

हाडाचा डॉक्टर हाड बसवतो, दुसरा कातडी शिवतो, आणि दोघंही झालं म्हणून मोकळे होतात. पण त्या हातानं उद्या सकाळी बटण लावायचं कसं, भाकरी मोडायची कशी, नाडी सोडायची कशी, हे कोण सांगणार? तिथं नाझनीन लागायची. दोन वर्षांच्या लेकरापासून ऐंशीच्या म्हाताऱ्यापर्यंत बावीस वर्षांत तिनं किती हात हातात घेतले असतील, अल्ला जाणे. मळणीयंत्रात गेलेले, चुलीवर पडून बोटंच्या बोटं जोडली गेलेले, लकव्यानं लोंबकळणारे. किनवटकडच्या एका पोरीला तिनं जन्मतः आखडलेल्या हातानं पेन धरायला शिकवलं, ती पोरगी आता तलाठी झाली आहे. माहूरच्या पायऱ्यांवर हळदी-कुंकू विकणाऱ्या एका म्हाताऱ्याला एका हातानं पुडी बांधायला शिकवलं. तो अजून दर नवरात्रात फोन करतो आणि फोनवर तासभर सोडत नाही.

ह्यात एक जात वेगळी होती. माणसांनी मोडलेले हात. यंत्राला राग नसतो, ते हाड सरळ तोडतं. माणूस पिळतो. बोट पिळलं की हाड तिरकं मोडतं, आणि क्ष-किरणाच्या फोटोत ती तिरकी रेघ बघणाऱ्याला स्वच्छ दिसते. नाझनीनला ती दिसायची. फाईलवर मात्र ती तेच लिहायची, जे पेशंटला घेऊन येणारा सांगायचा.

दर गुरुवारी ती लातूरला जायची. बाजारपेठेतल्या गंजगोलाईच्या मागं एका इमारतीत पहिल्या मजल्यावर दोन खोल्या होत्या. बाहेर बाकडी, आत व्यायामाचा मोठा पलंग आणि कोपऱ्यात छोटं स्वयंपाकघर, म्हणजे ओटा, तवा, पोळपाट-लाटणं. बायांना परत कामाला लावायचं तर लाटणं हातात द्यावंच लागतं. ह्याच खोलीत सात वर्षांपूर्वी सृष्टी आली. तेव्हा ती सहा वर्षांची होती. कोपर मोडून आखडलेलं. सोबत बाप होता, गोलाईत भांड्याचं मोठं दुकान असलेला वीरण्णा, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, बोलायला मधाळ. "जिन्यावरून पडली हो. लई वांड पोरगी हाय," तो म्हणाला आणि पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला. त्या हाताखाली पोरीची मान खांद्यात गेली. नाझनीननं ते बघितलं आणि लिहिलं, जिन्यावरून पडली.

चार वर्षांनी त्याची बायको उमादेवी आली. उजव्या हाताची दोन बोटं. "दुकानाचं शटर पडलं," वीरण्णानं सांगितलं. फोटोत दोन्ही हाडांवर तिरकी रेघ होती. नाझनीननं त्याला बाहेर बसायला सांगून उमादेवीला हळूच विचारलं, "ताई, खरं सांगा. शटर होतं का?"

"शटरच होतं की मॅडम," उमादेवी म्हणाली. मग थोडं हसून, "झाकली मूठ सव्वा लाखाची. मोठ्या घराची सून हाव मी. तुम्ही बोटं तेवढी हलती करा."

नाझनीननं बोटं हलती केली. तीन महिन्यांत उमादेवी भाकरी थापायला लागली. त्याच हाताच्या भाकरी खाऊन तो माणूस पुन्हा तिला मारायला उठणार होता, हे नाझनीनला कळत नव्हतं असं नाही. लाज वाटली तिला, चांगली वाटली. पण लाज पोटात ठेवून माणूस बसनं नांदेडला परत जाऊ शकतो, जेवूही शकतो. ती जेवली.

आणि गेल्या दिवाळीनंतर तिसरा पेशंट त्याच घरातून आला. ह्या वेळी घेऊन येणारी उमादेवी होती आणि चाकाच्या खुर्चीत वीरण्णा. पन्नाशीतला धडधाकट माणूस, रक्तदाबाच्या गोळ्या कोण खातो म्हणून मिजाशीत राहिला, आणि एके सकाळी दुकानातच कोसळला. उजवं अंग गेलं. उजवा हात मेलेल्या घोरपडीसारखा मांडीवर पडलेला.

नाझनीनला पहिल्यांदा काय वाटलं ते सांगितलंच पाहिजे. तिला बरं वाटलं. असं वाटलं म्हणून तिनं स्वतःला नंतर दटावलं वगैरे, पण बरं वाटलं ते वाटलं.

उजवं अंग जातं तेव्हा पुष्कळदा जीभही जाते. वीरण्णाची गेली, पण एक शब्द मागं राहिला. कधी कधी असं होतं, सगळं बोलणं पुसलं जातं आणि तोंडात बसलेली शिवी तेवढी शाबूत राहते. वीरण्णाला पाणी हवं असलं की तो म्हणायचा, "रांडे." नको असलं तरी, "रांडे." लिंगायत मठातले स्वामी भेटायला आले तेव्हा पाया पडताना त्यानं भक्तिभावानं तेच म्हटलं. घरात जन्मभर जे पेरलं तेच शेवटी जिभेवर उरलं, दुसरं काय.

नाझनीन प्रत्येक पेशंटला पहिल्या दिवशी एकच प्रश्न विचारायची, "ह्या हातानं तुम्हाला काय करायचंय?" कुणी म्हणायचं जेवायचंय, कुणी म्हणायचं सही करायचीय. जे उत्तर येईल तिथून ती काम सुरू करायची. वीरण्णाला तिनं तेच विचारलं. त्यानं डाव्या हातानं उजव्याची मेलेली बोटं एकेक करून आत दुमडली, त्यांची मूठ केली आणि ती मूठ उचलून उमादेवीकडं बघितलं.

त्या दिवशी निघताना खुर्ची बाहेर ठेवून उमादेवी एकटी आत आली. दार लोटून घेतलं. "मॅडम, एक मागू का?"

"मागा की."

"त्यो हात परत येऊ देऊ नगा." आवाज खाली, पण थरथर नव्हती. "पायाचं करा, बोलायचं करा. हात तेवढा मरू द्या. तीन महिने झालं, घरात कुणी वरडलं न्हाई. पोरगी झोपायलीय रातभर. तुमच्या पाया पडते."

नाझनीनला वाटलं, हो म्हणावं. अगदी ओठावर आलं होतं. पण बावीस वर्षांची सवय आडवी आली, आणि सवयीला माणूस तत्त्व म्हणतो. "ताई, मी हात उठवते. मारत न्हाई," ती म्हणाली. वर आणखी शहाणपण शिकवलं. "आणि बघा, आजारानं माणूस मऊ होतो. ह्यांच्यातही फरक पडंल." कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच, हे तिला ठाऊक नव्हतं का? ठाऊक होतं. पण नकार दिला की माणसाला वर उपदेश केल्याशिवाय राहवत नाही.

मग तिनं उमादेवीला नीट बसवून समजावलं. लकव्यात मूठ आधी येते, पंजा मागून उघडतो. बोटं मिटणं फुकट येतं, उघडणं कमवावं लागतं. म्हणून दिवसातून पाच वेळा पंजा उघडायचा. मनगट खाली वाकवायचं, अंगठा मुळापासून सोडवायचा, मग बोटं आपोआप सैल पडतात. झोपताना पंजा उघडा ठेवणारा प्लास्टिकचा साचा बांधायचा. उमादेवीनं सगळं ऐकलं, मान डोलावली, साचा पिशवीत घातला.

आणि घरी जाऊन काहीही केलं नाही.

तिचा हिशेब साधा होता. व्यायाम केला तर हात जिवंत होतो, म्हणजे नाही केला तर मेलेला राहतो. चार बायांनी मिळून हाच हिशेब केला असता. शेताला पाणी नाही दिलं की पीक जळतं, तसं. पण लकव्याचा हात शेत नव्हे. पाणी न देता त्यात जे उगवतं ते निराळंच असतं. खांदा आपोआप परत आला, कोपर परत आलं. बोटं मात्र आत आत वळत गेली, रोज थोडी घट्ट. फाल्गुन संपेपर्यंत वीरण्णाच्या खांद्याच्या टोकाला एक गच्च मिटलेली मूठ तयार झाली होती, जी त्याची त्यालाही उघडता येत नव्हती.

तोवर तो काठी घेऊन चालायला लागला होता. डाव्या हातात काठी. गुरुवारी आला तेव्हा नाझनीननं मूठ हातात घेतली. आतून आंबूस वास आला. नखं तळव्यात रुतली होती. पिशवीतला साचा काढून बघितला तर पट्ट्यांवरचं कागदी लेबलही निघालं नव्हतं.

"व्यायाम करून राहिलात का?"

"हाव की. रोज."

"उमाताई, हात खोटं बोलत न्हाई."

उमादेवीनं पदर सारखा केला. तेवढ्यात पदराआडचा जबडा दिसला. गोल, जांभळा, लिंबाएवढा डाग. पंजानं मारलं की चार बोटं उमटतात. हा डाग मुठीचा होता.

वीरण्णाला बाहेर बसवून नाझनीन दबक्या आवाजात कडाडली. "उघडला न्हाई तर मरतो असं कुणी सांगितलं तुम्हाला? खांदा आलाय, कोपर आलंय. हा हात मेलेला न्हाई ताई, हा हातोडा झालाय! लकव्याआधी मूठ निदान त्याला सोडता तरी येत होती."

"मला वाटलं झाकलेली हाय तवर बरी हाय," उमादेवी म्हणाली. तिचं तोंड इतकं पडलं की नाझनीनला तिच्यावर ओरडल्याचंच वाईट वाटलं.

मग नाझनीननं ठरवलं की पुढच्या गुरुवारी मायलेकी दोघींनाही समोर बसवून मूठ सोडवायला शिकवायचं. दुपारी दोनला बोलावलं. दोन ते चार दवाखाना बंद असतो, लहान पोरं नसतात, ह्या माणसाच्या शिव्यांनी कुणी घाबरणार नाही, असा विचार. आजूबाजूलाही त्या वेळी कुणी नसतं, हा विचार तिला शिवला नाही.

चैत्रातलं ऊन होतं. सृष्टी शाळेतून सरळ आली होती. तेरा वर्षांची, उंच, शेलाटी. लातुरातल्या साऱ्या पोरींसारखा उन्हासाठी तोंडाला स्कार्फ गुंडाळलेला. आत आल्यावर तोंडावरचा खाली ओढला, गळ्याभोवतीचा वेढा आणि मागची गाठ तशीच राहिली. वीरण्णा पलंगाच्या कडेला बसला. नाझनीन त्याच्या समोर स्टुलावर. आधी तिनंच त्याची बोटं चोळून थोडी सैल केली. उमादेवी ओट्यापाशी उभी.

"शेठ, आज सृष्टी तुमचा हात उघडणार. बघा कशी हुशार हाय," नाझनीन म्हणाली. "ये बेटा, अशी उजव्या अंगाला बस. आधी मनगट."

सृष्टीनं बापाचं मनगट धरलं. पण ते वाकवायच्या आधीच तिनं चुकून अंगठा ओढला, जोरात. वीरण्णाला कळ गेली असावी. पण कळीनं नाही, पोरीनं ओढलं ह्यानं त्याचा चेहरा बदलला. जिला एका हातानं उचलून आपटत होता ती पोरगी त्याची बोटं ओढत होती आणि दोन बाया बघत होत्या. "रांडे!" तो गरजला. ह्या वेळी त्या शब्दाचा अर्थ शोधावा लागला नाही. हात तिच्या हातातून हिसकला, नाझनीननं नुकतीच सैल केलेली बोटं गळ्यापाशी स्कार्फमध्ये घुसली आणि मिटली.

आणि मग त्याचं कोपर दुमडलं. लकव्याच्या हाताचं हे असंच असतं, मूठ मिटली की कोपर आत येतं, हात छातीकडं ओढला जातो. सृष्टी हातासोबत ओढली गेली. तिचं तोंड बापाच्या छातीवर आपटलं. तो मनगट पिळत होता, स्कार्फचा पीळ बसत होता. तिच्या गळ्यातून एकदा कोंबडीसारखा आवाज आला, मग तोही बंद झाला.

"सोडा! शेठ, सोडा!" नाझनीननं दोन्ही हातांनी मूठ धरली. दगड होता. कात्री कपाटात होती, कपाटाची किल्ली पर्समध्ये, पर्स बाहेरच्या खोलीत. तेवढा वेळ सृष्टीकडं नव्हता. तिचे पाय फरशीवर घासत होते, एक चप्पल उडून भिंतीला लागली.

उमादेवी ओट्यावरून लाटणं घेऊन आली. पहिला तडाखा मुठीवर बसला, दुसरा मुठीवर, तिसरा वीरण्णाच्या कानशिलावर. "सोड! माझ्या लेकराला सोड! मेल्या, मुडद्या, सोड!" एवढ्या वर्षांत त्या बाईनं आवाज वर केला नव्हता, आता सगळा एकदम बाहेर आला. कानशील फुटलं, रक्त भस्माच्या पट्ट्यांवरून डोळ्यात उतरलं. चौथा तडाखा नाझनीनच्या मनगटावर बसला आणि तिच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. आणि प्रत्येक तडाख्यासोबत मूठ आणखी आवळत होती. दुखलं की आवळते, भ्यालं की आवळते. वीरण्णाचे डोळे आता फिरले होते. त्यात राग उरला नव्हता, भीती होती. तो स्वतः हात ओढून घ्यायला बघत होता आणि जितका ओढत होता तितका पीळ वाढत होता.

"मारू नका! घट्ट होतंय! उमाताई, मारू नका!" उमादेवीला ऐकू जाणं शक्य नव्हतं. नाझनीननं तिच्या छातीवर दोन्ही हात ठेवून तिला ढकललं, जीव खाऊन ढकललं. उमादेवी ओट्याच्या कडेवर आपटून खाली बसली.

आणि मग नाझनीननं जे केलं ते तिच्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम होतं. तिनं आवाज मऊ केला. त्या माणसाच्या पाठीवरून हात फिरवला. "शेठ, काही न्हाई झालं. इकडं बघा, माझ्याकडं. श्वास सोडा. हां, असा. लई छान. घाई न्हाई." पोरगी डोळ्यांदेखत निळी पडत होती आणि नाझनीन तान्ह्या लेकराला जोजवावं तशी त्याला जोजवत होती. एका हातानं मनगट खाली वाकवलं. आणखी खाली. दुसऱ्या हाताचं बोट अंगठ्याच्या मुळाशी घातलं. "हां शेठ. शाबास. शाबास." अंगठा सुटला. करंगळी सुटली. मग उरलेली तिन्ही बोटं एकदम उघडली आणि सृष्टी पोत्यासारखी फरशीवर कोसळली.

नाझनीननं गाठ सोडली. एक क्षण काहीच झालं नाही. मग पोरगी खोकली, ओकली, पुन्हा खोकली. श्वास घेताना करवत चालल्यासारखा आवाज येत होता, पण येत होता. गळ्याभोवती लालभडक दोर उमटला होता.

उमादेवी गुडघ्यांवर सरकत आली, लेकीचं डोकं मांडीवर घेतलं. तिच्या कपाळाला खोक पडली होती. वर न बघता म्हणाली, "त्याला शाबास म्हणलाव, मॅडम."

नाझनीननं ओट्यावरचं फडकं ओलं करून तिच्या कपाळावर धरलं.

पलंगावर वीरण्णा आपल्या उघड्या पंजाकडं बघत होता. रक्त हनुवटीवरून शर्टावर गळत होतं. सृष्टी हळूहळू उठून बसली. आवाज फुटत नव्हता, ओठांजवळ कान न्यावा लागला.

"मॅडम," आईकडं बोट करत ती म्हणाली, "तुम्ही कसं सोडवलाव ते मला दावा. आव्वाला येत न्हाई. घरी तुम्ही नसताव."

बावीस वर्षांत 'मला शिकवा' म्हणणाऱ्या कुणाला नाझनीननं नाही म्हटलं नव्हतं. शिकवायलाच तर तिनं ह्या पोरीला बोलावलं होतं. बापानं गळा आवळला तर त्याची बोटं कशी सोडवायची, हे तेरा वर्षांच्या पोरीला शिकवायला! आपण नेमकं काय करायला निघालो होतो, ते तिला त्या क्षणी उघडं-नागडं दिसलं आणि तिला स्वतःचीच शिसारी आली.

"न्हाई शिकवणार," ती म्हणाली. मग उमादेवीकडं वळली. "उदगीरला माहेर हाय ना तुमचं? कोण हाय तिथं?"

"आई हाय. भाऊ हाय."

"उठा. आधी कोपऱ्यावरच्या दवाखान्यात पोरीचा गळा दाखवा, मी फोन करते. तिथून घरी जायचं न्हाई. कपडे घ्यायलासुद्धा न्हाई. सरळ उदगीर."

"आन् हेंच्याकडं?" उमादेवीनं नवऱ्याकडं बघितलं. स्वतःच्या कपाळाला खोक, लेकीच्या गळ्यावर वळ, आणि तरी बाईला तोच प्रश्न पडला. "हेंच्याकडं कोण बघंल? दीर इचारतील. लोक काय म्हणतील?"

"मी बघते. दिराला मी बोलावते. पोलिसांनाही मीच बोलावते, आणि सात वर्षांपासून काय काय बघून गप्प बसले ते सगळं लिहून देते. तुम्ही उठा आता. उठा म्हणते ना!"

'पोलीस' हा शब्द वीरण्णाला कळला. बोलता येत नसलं तरी ऐकू स्वच्छ येत होतं. त्यानं डाव्या हातानं काठी उचलली, पलंगाची कड धरून उभा राहिला. उमादेवीचं अंग सवयीनं आखडलं. पण सृष्टीनं आईचा हात धरला आणि ओढला, आणि दोघी दाराबाहेर पडल्या. सृष्टीची एक चप्पल भिंतीपाशीच राहिली. नाझनीननं दार आतून लावलं, कडी घातली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. फोन बाहेरच्या खोलीत पर्समध्ये होता, हे तिला कडी घातल्यावर आठवलं.

वीरण्णा आला. पाय फरफटत, पण आला. तिनंच चालायला शिकवलं होतं, चांगलं शिकवलं होतं. बाजूला हो म्हणून त्यानं काठी हलवली. ती हलली नाही. पहिली काठी खांद्यावर बसली. नाझनीनला आजवर कुणी मारलं नव्हतं. तिच्या अब्बांनी, पुस्तकं बांधणाऱ्या नजीर जिल्दसाजांनी, कधी बोटही लावलं नाही. मार खाल्लेल्या शेकडो बायांना ती इतकी वर्षं समजावत आली होती, आणि मार म्हणजे काय हे तिला आत्ता कळलं. दुखतं ते नंतर. आधी अंग म्हणतं, सरक, तो म्हणतो ते ऐक, कडी काढ. दुसरी काठी कानावर बसली. कानात शिट्टी वाजायला लागली आणि मानेवरून ऊन ऊन काहीतरी खाली उतरलं. जिन्यावरून घसरत उतरणाऱ्या चपलांचा आवाज येत होता. तिनं कडी घट्ट धरली. तिसरी काठी लाटण्यानं सुजलेल्या मनगटावर बसली आणि ती ओरडली, अगदी उमादेवी ओरडली होती तशी, घाण घाण शिव्या देत ओरडली.

आतापर्यंत तो खांदा भिंतीला टेकून मारत होता. चौथ्या वेळी भिंत सोडून त्यानं काठी डोक्याच्या वर नेली. काठी जमिनीवरून पूर्ण उचलली की लकव्याचा पाय भार घेत नाही. त्याचा गुडघा लटपटला. तो झुकला, नाझनीनच्या अंगावर, आणि तिचे दोन्ही हात आपोआप पुढं गेले. बावीस वर्षांत तिनं तोल गेलेल्या एकालाही जमिनीवर पडू दिलं नव्हतं. हात पुढं गेले, त्याच्या काखेपर्यंत पोहोचले.

तिनं ते मागं घेतले.

तो पलंगाच्या पायावर आपटून आडवा झाला. काठी घरंगळत ओट्याखाली गेली. खाली रिक्षा सुरू झाल्याचा आवाज आला, मग गर्दीत मिसळून गेला. वीरण्णा छताकडं बघत धापा टाकत होता. थोड्या वेळानं त्यानं तिच्याकडं मान वळवली आणि डावा हात वर केला, उठव म्हणून.

नाझनीन दाराला टेकून खाली बसली. कानातून रक्त येत होतं.

"पडल्यावर उठायचं कसं, ते मी तुम्हाला शिकवलंय, शेठ," ती म्हणाली. "उठा आपले आपण."

तो उठला नाही. ती दारापासून हलली नाही.